मिश्री, शहाळं आणि तिसरी रात्र

गेल्या अंकात अक्कलदाढ आडवी का येते ते लिहिलं होतं. ती दाढ सतरा ते पंचवीस वयाच्या दरम्यान वर यायला निघते आणि तोवर जबड्यात जागा उरलेली नसते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत एकच विषय आहे: दाढ काढली, आता पुढे काय? म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच.

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा आहे, पुण्यात इंजिनिअरिंगला. खालची उजवी अक्कलदाढ आडवी आहे. सहा महिन्यांत तीनदा हिरडी सुजली. परीक्षा संपली की ऑपरेशन करून काढायचं ठरलंय. आमच्या शेजारच्या मुलीला दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी इतकं दुखलं की रात्रभर बसून होती. तसं होऊ नये म्हणून काय करायचं? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, शेजारच्या मुलीला जे झालं त्याला आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. दाढ निघाली की हाडात खड्डा राहतो. तो रक्ताने भरतो, रक्त थिजतं आणि गुठळी धरते. ही गुठळी हीच त्या जखमेची मलमपट्टी. तिच्याखाली हाड झाकलेलं राहतं, तिच्यातूनच नवं मांस आणि पुढे नवं हाड भरत जातं. गुठळी निसटली किंवा वेळेआधी विरघळली की हाड उघडं पडतं. त्याला पाणी लागलं, अन्नाचा कण लागला की कळ थेट कानात जाते. पहिले दोन दिवस बरे गेलेले असतात, दुखणं उतरणीला लागलंय असं वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उसळून येतं. तोंडाला घाण वास मारतो. नेहमीची गोळी त्यावर चालत नाही. क्रॉफर्ड यांनी हा प्रकार १८९६ साली पहिल्यांदा नोंदवला. साधा दात काढल्यावर शंभरात दोन ते पाच जणांना हा त्रास होतो. हाड कापून काढाव्या लागणाऱ्या खालच्या अक्कलदाढेत मात्र त्याच्या कितीतरी पट. कुणाला होईल हे आधी छातीठोक सांगता येत नाही, पण कशाने वाढतं हे पक्कं माहीत आहे.

त्यातली एक गोष्ट मी एका मावशींकडून शिकले. मी नुकताच तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला होता. पन्नाशीच्या आतल्या मावशी, दाढ किडलेली. काढण्याआधी सगळं विचारलं. शुगर आहे का, बीपी आहे का, तंबाखू खाता का? सगळ्याला ‘नाही’. दाढ निघाली, दोन टाके घातले, मावशी चालत घरी गेल्या. तिसऱ्या रात्री साडेअकराला मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून आल्या, पदर गालाला घट्ट धरलेला. आरसा घालून पाहिलं तर खड्ड्यात गुठळी नव्हती. तळाला फटफटीत हाड आणि हिरडीच्या कडेला काळी पूड. “मावशी, हे काय?” “मिश्री हाय की. तंबाखू कुठं खाते मी?” त्यांनी कमरेची चंची सोडून डबी दाखवली. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू दातांना लावणं म्हणजे तंबाखू खाणं, असं त्यांच्या घरात कुणीच मानत नव्हतं. प्रश्न मीच चुकीचा विचारला होता. खड्डा कोमट सलाईनने धुतला, लवंगतेलाचं औषध लावलेली पट्टी हलक्या हाताने आत बसवली. दहा मिनिटांनी मावशींनी गालावरचा हात काढला. तेव्हापासून मी ‘तंबाखू खाता का’ एवढ्यावर थांबत नाही. ‘सकाळी दात कशाने घासता’ हेही विचारते. आणि त्या प्रश्नाला ‘मिश्री’ हे उत्तर सर्रास येतं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मिश्रीऐवजी सिगारेट धरा, किंवा हल्लीची ती व्हेप. धुराने हिरडीचा रक्तपुरवठा आक्रसतो आणि झुरका ओढताना तोंडात जी पोकळी होते तिने गुठळी उचलली जाते. हे तुम्ही त्याला विचारू नका. तुमच्यासमोर तो ‘नाही’च म्हणणार. त्याच्या डॉक्टरांना सांगा की पाच मिनिटं त्याच्याशी एकट्याशी बोला. ओढत असेल तर ऑपरेशनच्या आधीपासून बंद हवी. नंतर किमान तीन दिवस, खरं म्हणजे आठवडाभर तरी नकोच.

दुसरं, दिवस नीट निवडा. हिरडी सुजलेली, पू येणारी असताना दाढ कोरून काढायची घाई नको. आधी ती सूज बसवून घ्यावी लागते. आणि पुण्यात दाढ काढून त्याच रात्रीच्या बसने बार्शीला आणू नका. जिथे काढणार तिथेच आठवडाभर राहायला हवं, म्हणजे रात्री-अपरात्री काही झालं तर काढणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. तुम्हीच चार दिवस पुण्याला जाऊन राहिलात तर उत्तम.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर गॉजचा बोळा चावून धरायला देतील. तो पाऊण तास दाबून धरायचा. बोलायचं नाही. रक्त थांबलं का म्हणून दर पाच मिनिटांनी काढून बघायचा नाही. प्रत्येक वेळी बोळ्याबरोबर कोवळी गुठळी ओढली जाते. लाळ गिळायची. थुंकायचं नाही. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते, तरी दवाखान्याच्या पायरीवर माणूस पहिलं काम थुंकायचंच करतो. लाळेत चार थेंब रक्त मिसळलं तरी तोंडभर रक्त आल्यासारखं वाटतं, माणूस घाबरतो, पुन्हा थुंकतो आणि त्या थुंकण्यानेच रक्त सुरू राहतं. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी येणारच. तोंड गडद रक्ताने भरत असेल तर मात्र स्वच्छ गॉज ओला करून घडी घालायची, बरोबर खड्ड्यावर ठेवायची आणि अर्धा तास घड्याळ लावून चावायची. गॉज नसेल तर चहाची ओली, गार पिशवी. चहातल्या टॅनिनने रक्त धरायला मदत होते. दोनदा असं करूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी.

भेटायला येणारे शहाळं घेऊन येतात. शहाळ्याचं पाणी चांगलंच, पण स्ट्रॉने नाही. ओढताना तोंडात तीच पोकळी होते. पेल्यात ओतून द्या. आइस्क्रीम चमच्याने चालेल, कुल्फी चोखत नको.

गोळीबद्दल लोक एक चूक करतात: दुखायला लागलं की घेऊ म्हणतात. भूल दोन-चार तासांत उतरते. दिलेली वेदनाशामक गोळी भूल असतानाच, पोटात काहीतरी मऊ, गार घालून घ्यायची. नंतरचे दोन दिवस घड्याळाप्रमाणे. मात्र भूल असताना चावून खायला देऊ नका. बधिर ओठ त्याच्याच दातांखाली चिरडेल आणि त्याला कळणारही नाही. घरातली अ‍ॅस्पिरिन दुखण्यासाठी देऊ नका, तिने रक्त वाहतं. हिरडीवर तर मुळीच ठेवू नका, भाजल्यासारखी पांढरी जखम होते. लवंगतेलही घरून खड्ड्यात ओतू नका. मी मावशींना लावलं ते पट्टीवर मोजून घेतलेलं, उघड्या पडलेल्या हाडासाठी होतं. ताज्या जखमेवर शुद्ध तेल पडलं तर मांस होरपळतं. हळद दुधातून द्या, खड्ड्यात भरू नका.

पहिला दिवस बाहेरून बर्फ. फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं लावायचा, वीस मिनिटं काढायचा. झोपताना दोन उशा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते. गाल लाडूएवढा झाला तरी घाबरू नका, चौथ्या दिवसापासून उतरायला हवी. तोंड कमी उघडेल. तिसऱ्या दिवसापासून दिवसातून चार-पाच वेळा हळूहळू उघडायचा सराव करायचा. आपली तीन बोटं उभी आत जायला लागली की जबडा पूर्ववत झाला असं समजा.

पहिले २४ तास चूळ नाही. मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. घोट तोंडात घ्यायचा, मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलती करायची आणि बेसिनवर तोंड उघडून पाणी आपोआप पडू द्यायचं. खळाखळा नाही, पिचकारी नाही. दर जेवणानंतर, आठवडाभर. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला असेल तर तो वापरावा. ड्राय सॉकेट टाळायला त्याचा उपयोग होतो हे चांगलं तपासलेलं आहे. फार दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून सांगितलेल्या दिवसांपुरताच. बाकीचे दात दुसऱ्या दिवसापासून घासायचेच. तोंड घाण ठेवून जखम भरत नाही.

जेवायला गुरगुट्या भात, साधं वरण, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, ताक, दही, सांजा. भाकरी हवीच असेल तर दुधात कुस्करून. पोहे, तीळ, राजगिरा, शेंगदाण्याचं कूट, फरसाण आठ-दहा दिवस नको. तिळाचा एक दाणा खड्ड्यात बसला की तो काढायला मुलगा काडी घालतो, आणि गुठळीच बाहेर येते.

अँटिबायोटिक प्रत्येकाला लागतंच असं नाही. डॉक्टरांनी लिहिलं तर पूर्ण घ्यावं, लिहिलं नाही तर मेडिकलवाल्याकडून आपण आणू नये.

प्रश्न : वय ६७. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू. अक्कलदाढ किडून दुखते. ओळखीचे म्हणाले, दाढ काढायच्या आधी आठ दिवस गोळ्या बंद कर, नाहीतर रक्त थांबायचं नाही. बायकोला हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन देतात, तिचीही एक दाढ हलते. – एक वाचक, सांगोला

उत्तर : काका, गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. तोंडातलं रक्त आम्हाला थांबवता येतं. टाका घालता येतो, रक्त धरणारा स्पंज ठेवता येतो, औषधाने भिजवलेला बोळा दाबता येतो. बंद पडलेला स्टेंट मात्र माझ्या खुर्चीत बसून उघडता येत नाही. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, सकाळची वेळ घ्या, म्हणजे रक्त आलंच तर दिवसभर आम्ही समोर असतो. वॉरफरिन किंवा असिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट दोन-तीन दिवसांच्या आतला आणावा. तो चारच्या खाली असला की बहुतेक वेळा गोळी न थांबवता एखाद-दुसरी दाढ काढता येते. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी उपाशीपोटी येऊ नये. नुसती जागेवरची भूल असते. नाश्ता करून, नेहमीचं औषध घेऊन या. शुगर ताब्यात नसेल तर जखम चिघळते, म्हणून आधी रिपोर्ट दाखवा.

काकूंच्या इंजेक्शनबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. हाडासाठीची काही औषधं, झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसारखी इंजेक्शनं किंवा आठवड्याला घ्यायच्या गोळ्या, हाडाची झीज रोखतात, पण त्यामुळे जबड्याचं हाड नवं बनणंही मंदावतं. अशा पेशंटचा दात काढल्यावर क्वचित खड्डा भरतच नाही, हाड महिनोन्‌महिने उघडं राहतं. अमेरिकेतले सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ साली हे पहिल्यांदा जगापुढे मांडलं. हाडं ठिसूळ झाली म्हणून दिल्या जाणाऱ्या डोसमध्ये हा धोका कमी आहे, कॅन्सरसाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या डोसमध्ये बराच जास्त. काकूंनी दाढ काढण्याआधी शेवटचं इंजेक्शन कधी झालं ती तारीख दंतवैद्यांना सांगावी. ज्यांचं असं औषध अजून सुरू व्हायचंय त्यांनी तोंडाची सगळी कामं आधी उरकून घ्यावीत. मिश्रीसारखीच ही गोष्टही विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, कारण वर्षातून एकदाचं इंजेक्शन ‘चालू औषध’ वाटतच नाही.

प्रश्न : खालची अक्कलदाढ काढून तीन आठवडे झाले. खालच्या ओठाचा डावा अर्धा भाग आणि हनुवटी अजून बधिर आहे. चहा सांडला तरी कळत नाही. हे कायमचं का? – एक शिक्षिका, वय ३४

उत्तर : खालच्या जबड्यातून ओठाची संवेदना आणणारी एक नस जाते आणि काहींच्या अक्कलदाढेचं मूळ तिला टेकलेलं असतं. दाढ निघताना नस दाबली किंवा ताणली गेली की ओठ सुन्न राहतो. ओठ हलवणारी नस वेगळी, त्यामुळे तोंड वाकडं होत नाही. कायमची बधिरता शंभरात एकापेक्षा कमी जणांना राहते. बहुतेकांची काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत भरून येते. मुंग्या येणं, टोचल्यासारखं होणं ही चांगली खूण आहे, त्याला घाबरू नका.

पण नुसतं थांबून राहू नका. डॉक्टरांकडे जाऊन बधिर भाग पेनने आखून घ्या, तारीख घालून फोटो काढून ठेवा. दर पंधरा दिवसांनी तो भाग आकसतोय का बघा. आकसत नसेल, किंवा जीभ सुन्न झाली असेल आणि चव गेली असेल, तर तीन महिने व्हायच्या आत जबड्याच्या सर्जनना दाखवा, कारण नसेची दुरुस्ती करायची तर ती लवकर करावी लागते. तोवर चहा कोमट करूनच प्या.

इतर वाचकांसाठी: ऑपरेशनच्या आधी ओपीजी हा पूर्ण जबड्याचा एक्स-रे होतो, त्यात मूळ नसेला किती जवळ आहे ते दिसतं. फारच जवळ असेल तर कधी दाढेचा फक्त वरचा भाग कापून मुळं जागीच ठेवता येतात. ‘माझी नस किती लांब आहे’ असं डॉक्टरांना बेधडक विचारा. आणि जी अक्कलदाढ दुखत नाही, सुजत नाही, शेजारची दाढ कुजवत नाही, ती केवळ आहे म्हणून काढू नका. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २००० सालीच तसं बजावलं आहे आणि मला ते पटतं.

प्रश्न : दाढ काढून आज पाचवा दिवस. सूज कमी व्हायच्या ऐवजी हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी उतरली आहे, ताप आहे, घोट गिळताना त्रास होतो. गरम शेक चालू आहे. अजून काय करू?

उत्तर : हे पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा चार दिवस उलटले होते. लगेच फोन केला. घरच्यांनी आदल्याच दिवशी त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं होतं, चिरा देऊन पू काढला होता, आता धोका टळला आहे. हे मी इथे मुद्दाम छापायला दिलं. अशा वेळी पत्र लिहायचं नाही, शेकायचंही नाही. हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक होणं, जीभ वर ढकलली जाणं, लाळ गिळता न येणं, आवाज घोगरा होणं ही जंतू मानेकडे पसरत असल्याची खूण आहे. १८३६ साली लुडविग या जर्मन वैद्याने तिचं वर्णन केलं आणि आजही तिने श्वासनलिका बंद होऊन माणूस दगावू शकतो. काही तासांत मोठ्या दवाखान्यात पोहोचायचं. आडवं झोपवून नाही, बसवून न्यायचं. तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज आणि ताप एवढं जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : वरची अक्कलदाढ काढली. मी रोज कपालभाती करतो, आणि गणपतीत आरतीला शंख मीच वाजवतो. कधीपासून चालेल? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : वरच्या दाढेच्या मुळांवर हाडाचा पातळ पापुद्रा आणि त्यावर सायनसची पोकळी असते. दाढेबरोबर तो पापुद्रा फुटला तर तोंड आणि नाक यांच्यात वाट होते. पाणी प्यायल्यावर नाकातून येत असेल तर आजच दाखवा. तसं काही नसलं तरी दोन आठवडे कपालभाती, भस्त्रिका, शंख, बासरी, फुगे फुगवणं सगळं बंद. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. या वर्षी आरतीला झांजा घ्या.

प्रश्न : वरची दाढ काढली की नजर जाते म्हणतात. आजी ७० वर्षांची, दाढ सडली आहे, पण म्हणून तयार होत नाही. – नात, उदगीर

उत्तर : दाढेची नस आणि डोळ्याने पाहायची नस पूर्णपणे वेगळ्या आहेत, दाढ काढून नजर जात नाही. दाढा पडण्याचं वय आणि मोतीबिंदूचं वय एकच, म्हणून गावोगाव ही समजूत पक्की झाली. आजींना सांगा, आधी डोळे तपासून घेऊ आणि डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊ. मग दाढ काढू. महिन्याने पुन्हा डोळे तपासू, तो कागद शेजारी धरून.